हुंकार आणि पडदा : बालप्रेक्षक, कथन आणि दूरचित्रवाणी

दूरचित्रवाणीचा लहान मुलांवर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि वैद्यक यांनी सहा दशकांहून अधिक काळ विचारला आहे. हिल्डे हिमेलवाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘टेलिव्हिजन अँड द चाइल्ड’ हा ब्रिटनमधील पाहणीवर आधारलेला ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. विल्बर श्राम, जॅक लाइल आणि एडविन पार्कर यांचा अमेरिका-कॅनडातील मुलांविषयीचा ग्रंथ १९६१ चा. आल्बर्ट बांडुरा यांचे बाहुल्याला मारण्याचे प्रयोग याच काळातले. त्यांपैकी १९६३ मधील प्रयोगात मारहाणीचे दृश्य मुलांना चित्रफितीतूनही दाखवण्यात आले होते. पुढे प्रश्न तोच राहिला, मोजपट्टी मात्र बदलत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बालकाने पडद्यासमोर बसूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी एका तासाहून अधिक काळ बसू नये. येथे परिणामाचे एकक तास हे आहे. बांडुरांच्या प्रयोगात ते मारलेले ठोसे होते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नात स्वतःची भर फारशी घातलेली नाही. बालसाहित्यविषयक परिसंवादांतून ‘दूरदर्शनमुळे मुले वाचेनाशी झाली’ हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे, की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. वस्तुतः श्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच एक इशारा देऊन ठेवला होता. ‘परिणाम’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे, कारण त्यातून दूरचित्रवाणी मुलांना काहीतरी ‘करते’ असे सूचित होते. प्रत्यक्षात या संबंधात अधिक क्रियाशील असते ते मूल, असे त्यांचे म्हणणे होते. हा इशारा समाजशास्त्रज्ञांनी दिला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना थोडी अंतर्मुख करणारी आहे. श्रोत्याच्या, वाचकाच्या, सहृदयाच्या क्रियाशीलतेचा विचार हा तर त्यांच्याच शास्त्राचा गाभा.

भारतीय कथनपरंपरेत या क्रियाशीलतेला एक साधे नाव आहे : हुंकार. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने मधूनमधून ‘हूं’ म्हणावे लागते. तो ‘हूं’ थांबला की मूल झोपले असे समजून आजी गोष्ट थांबवते. राजस्थानात ‘बात’ सांगण्याच्या रीतीत हुंकारा देणाऱ्याचे स्थान जवळजवळ कथकाइतकेच महत्त्वाचे मानले जाते. कीर्तनात बुवांनी ‘बोला पुंडलिक वरदे’ म्हटल्यावर उत्तर देण्याचे काम श्रोत्यांचे असते, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांचा आवाज त्यात सर्वांत मोठा असतो. परंतु या व्यवस्थेचे सर्वांत नेमके रूप मराठी कहाण्यांत सापडते. आदित्यराणूबाईच्या कहाणीत राणीला कहाणी सांगायची आहे, पण ऐकायला माणूस हवा. ती वाटेवर श्रोता शोधत जाते. जवळच्या सहा मोत्यांपैकी तीन ऐकणाऱ्याच्या हाती देते आणि तीन स्वतःजवळ ठेवते. सांगणारा आणि ऐकणारा यांचा वाटा येथे अक्षरशः निम्मानिम्मा आहे. ऐकणारा नसेल तर कहाणी घडतच नाही आणि व्रतही पुरे होत नाही. ज्यांना श्रोतृनिष्ठ समीक्षेचे भारतीय मूळ शोधण्याची हौस आहे, त्यांनी रससूत्राइतकेच या सहा मोत्यांकडेही पाहायला हरकत नाही.

मुले दूरचित्रवाणी पाहतात तेव्हा या हुंकाराचे काय होते, असा प्रश्न विचारला तर परिणामांची चर्चा वेगळ्या वाटेने जाऊ लागते. तास आणि ठोसे बाजूला पडतात. कोणत्या कथनात मुलाला बोलण्याची जागा उरते आणि कोणत्या कथनात ती बुजते, हे पाहावे लागते.

वेताळकथांचे माध्यमांतर यासाठी उपयोगी आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त राजा त्रिविक्रमसेन वेताळाला खांद्यावर घेऊन चालतो आणि वेताळ त्याला गोष्टी सांगतो. श्रोत्यावर इतकी कठोर अट घालणारी कथाचौकट जागतिक वाङ्मयात क्वचितच आढळेल. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याचे मस्तक फुटेल. बोलला, तर वेताळ झाडावर परत जाईल. म्हणजे ऐकणाऱ्याचा हुंकार येथे केवळ सौजन्य नाही, कथेची सगळी गती त्यावर चालते. शेवटी पिता-पुत्रांचा माय-लेकींशी उलटसुलट विवाह होतो आणि त्यांच्या मुलांचे परस्पर नाते काय, असा प्रश्न येतो. त्यावर राजाला उत्तर सुचत नाही. तो गप्प राहतो, आणि ते मौनच त्याला तारते. मराठी मुलांना ही चौकट प्रथम ‘वेताळपंचविशी’तून आणि पुढे ‘चांदोबा’तून भेटली. १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ पासून निघू लागली. एकच गोष्ट आणि तीच चित्रे अनेक भाषांतल्या मुलांच्या हाती पडण्याचा तो विलक्षण प्रयोग होता. तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात त्याला अजून हवे तसे स्थान मिळालेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मासिक वाचणारे मूल वेताळाच्या प्रश्नाशी थांबू शकत असे. पान उलटण्याआधी बोट मध्ये घालून भावंडाला ‘सांग, खरा अपराधी कोण?’ असे विचारता येत असे.

रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका दूरदर्शनवर १९८५ मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यामधले अंतर दिग्दर्शकाच्या हाती गेले. बेतालाचा प्रश्न, विक्रमाचा क्षणभर विचारमग्न चेहरा, आणि मग उत्तर. मुलाला वेळ मिळाला तो तेवढाच. यावरून दूरचित्रवाणीने मुलाचा वाटा काढून घेतला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो अर्धवट आहे. कारण ही मालिका आठवड्यातून एकदा येत असे, आणि त्या काळात शेजारच्या घरांतील मुले एकाच संचासमोर दाटीवाटीने बसत. मालिका संपल्यावर सहा दिवस मोकळे होते. त्या सहा दिवसांत पोत्याचा वेताळ पाठीवर घेऊन अंगणात फिरणाऱ्या मुलांनी किती प्रश्न रचले असतील, याची नोंद कोणत्याही पाहणीत नाही. एका बैठकीत संकोचलेला हुंकार आठवड्याच्या अवकाशात पुन्हा पसरत होता.

भारतातील दूरचित्रवाणीचा आरंभीचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोग झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे हिंदी, कन्नड, ओडिया आणि तेलुगू भाषांतील कार्यक्रम पोहोचवण्यात आले. सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेली होती. संच गावाचा होता आणि पाहणे सामुदायिक होते. पश्चिमेकडील संशोधनात ‘दूरचित्रवाणी पाहणारे मूल’ म्हणजे दिवाणखान्यात एकटे बसलेले मूल, हे गृहीत धरलेले असते. ओरिसातील खेड्यात शंभर जणांच्या गलक्यात गावाचा संच पाहणाऱ्या मुलाला ते गृहीतक लागू पडत नाही. तेथे पडद्यावरील निवेदकापेक्षा शेजारच्याचे बोलणे अधिक ऐकू येत असले पाहिजे, आणि ते बोलणे हाही हुंकारच.

‘रामायण’ (१९८७-८८) आणि ‘महाभारत’ (१९८८-९०) या मालिकांविषयी राजकीय अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. अरविंद राजगोपाल यांचा ‘पॉलिटिक्स आफ्टर टेलिव्हिजन’ (२००१) हा ग्रंथ त्यात महत्त्वाचा. मुलांच्या बाजूने पाहिले तर वेगळा मुद्दा पुढे येतो. रामनगरच्या रामलीलेत राम, लक्ष्मण, सीता या भूमिका वयात न आलेली मुले करतात, आणि प्रेक्षक लीलेबरोबर एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी चालत जातात. मूल तेथे देवाच्या जागी असते आणि थोरांनी त्याच्या पाया पडायचे असते. मालिकेने ही जागा प्रौढ नटाला दिली व मुलाला जमिनीवर बसवले. हे स्थानांतर लक्षणीय आहे. तरीही रविवारी दुपारी खराट्याच्या काडीचे बाण घेऊन गल्लीत उतरणाऱ्या मुलाने ती जागा आपल्यापुरती परत मिळवली, असे म्हणावे लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात याच मालिका पुन्हा दाखवल्या गेल्या. तेव्हा गल्ली बंद होती.

अनुकरणाचा प्रश्न ‘शक्तिमान’मुळे (१९९७-२००५) सर्वाधिक गाजला. नायक आपल्याला वाचवायला येईल या समजुतीने मुलांनी स्वतःला धोक्यात घातल्याच्या बातम्या त्या काळात येत होत्या. मालिकेच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ हा भाग असे. त्यात नायक मुलांशी थेट बोले आणि चांगल्या-वाईट सवयी सांगे. नाट्यशास्त्राच्या भाषेत पाहिले, तर ही कथनाची चौकट मोडून दिलेली ताकीद होती. गंमत अशी, की ताकीद देणारा तोच वेश परिधान करून येत असे. हा वेश खोटा आहे, हे सांगायलाही वेशच लागला.

या घटनांवरून ‘मुलांना खरे-खोटे कळत नाही’ असा सिद्धान्त मांडला जातो. तौलनिक अभ्यासकाला येथे ‘डॉन किहोते’च्या दुसऱ्या भागातील (१६१५) कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आठवल्याशिवाय राहणार नाही. मास्टर पेड्रोच्या खेळात बाहुल्यांची कथा सांगणारा निवेदक एक मुलगा आहे. तो काठीने पात्रे दाखवत शांतपणे गोष्ट सांगतो. डॉन किहोते त्याला मध्येच अडवून मूर लोकांच्या मशिदीत घंटा नसतात, अशी दुरुस्ती सुचवतो. आणि थोड्याच वेळात तोच चिकित्सक प्रेक्षक तलवार उपसून बाहुल्यांवर तुटून पडतो. मूल चौकट सांभाळते आहे, ती मोडतो प्रौढ; आणि त्याचे डोके बिघडवले आहे ते छापील पुस्तकांनी. मराठीतही काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक’ यांविषयीच्या निबंधात तत्कालीन अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या अवास्तवतेवर कोरडे ओढले होते. नवे माध्यम आले की त्याच्या प्रेक्षकाला भाबडे ठरवण्याची रीत जुनी आहे. जखमी झालेल्या मुलांचे दुःख याने कमी होत नाही. परंतु त्या दुःखाचे कारण मुलाच्या बुद्धीत शोधावे, की त्या वेळी त्याच्याबरोबर बसून ‘हूं, पण असं खरंच होतं का?’ असे म्हणणारे कोणी नव्हते या गोष्टीत शोधावे, हा प्रश्न उरतोच.

नील पोस्टमन यांचा ‘द डिसॅपिअरन्स ऑफ चाइल्डहुड’ (१९८२) हा ग्रंथ भारतीय चर्चांत आदराने उद्धृत केला जातो. मुद्रणामुळे प्रौढांची गुपिते पुस्तकांत बंद झाली, वाचायला शिकेपर्यंत मूल त्यांपासून दूर राहिले आणि त्यातून ‘बाल्य’ घडले. दूरचित्रवाणीने सर्व गुपिते एकदम सर्वांपुढे उघडी केल्यामुळे बाल्य लोप पावत आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो देखणा आहे, पण भारतात तो चालत नाही. १९९१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण ५२.२१ टक्के होते. असंख्य घरांत पुस्तकाआधी पडदा आला. जात्यावरच्या ओव्या, तमाशा, माजघरातील कुजबुज यांतून प्रौढांचे जग मुलाच्या कानी पडतच होते. येथील गुपितांच्या भिंती अक्षराच्या नव्हत्या, जातीच्या आणि लिंगभेदाच्या होत्या. त्या भिंतींना पडद्याने कुठे भगदाड पाडले आणि कुठे गिलावा केला, हे शोधणे अधिक फलदायी ठरेल.

खरा बदल १९९० नंतरचा आहे आणि तो आशयापेक्षा रूपातला आहे. रेमंड विल्यम्स यांनी ‘टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म’ (१९७४) या ग्रंथात ‘प्रवाह’ ही संकल्पना मांडली. मायामीतील एका हॉटेलात चित्रपट पाहताना मधल्या जाहिराती आणि इतर चित्रपटांची दृश्ये त्यांना मूळ कथेत मिसळून जाताना दिसली. दूरचित्रवाणी सुट्या कृती दाखवत नाही, ती एक अखंड ओघ दाखवते, हे त्यांचे निरीक्षण आठवड्याला एक भाग दाखवणाऱ्या जुन्या दूरदर्शनला फारसे लागू नव्हते. १९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क आले आणि केवळ मुलांसाठी चालणाऱ्या वाहिन्यांचा काळ सुरू झाला, तेव्हा ते पूर्ण लागू झाले. कथेला आता शेवट नाही. एक भाग संपण्याआधी दुसऱ्याची सूचना, तिच्या पोटात बिस्किटाची जाहिरात. कहाणीच्या शेवटी ‘सुफळ संपूर्ण’ म्हणण्याची प्रथा होती. संपूर्ण झाल्यावरच ऐकणाऱ्याला बोलता येते. ओघात हुंकाराला काठच मिळत नाही. हल्लीच्या भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते, ही याच रूपाची पुढची पायरी.

या अडचणीची जाणीव निर्मात्यांना नव्हती असे नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या कार्यक्रमात निवेदक प्रश्न विचारून पडद्यातून मुलांकडे पाहत थांबे, आणि सुरुवातीच्या काळात एकच भाग आठवड्यात पाच दिवस सलग दाखवला जाई. पुनरावृत्तीबरोबर मुलांचे उत्तर देणे वाढत जाते, असे त्यावरील संशोधनात आढळले. आजीला हे संशोधनाशिवाय ठाऊक होते. ‘कालचीच गोष्ट सांग’ हा हट्ट तिला नवा नाही. मात्र पडद्यावरच्या थांबण्यात एक उणीव आहे. मुलाने बरोबर उत्तर दिले, चुकीचे दिले, किंवा ते उठून पाणी प्यायला गेले, तरी निवेदक तितकेच सेकंद थांबतो आणि शाबासकी देतो. राणूबाईची तीन मोती येथे वाटली जातात, पण समोर कोणी आहे की नाही हे न पाहता.

हुंकार कोणत्या भाषेत द्यायचा, हा बहुभाषिक देशातील खरा कळीचा मुद्दा आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत रूपांतरित होऊन आलेली ‘जंगल बुक’ ही मूळची १९८९ ची जपानी चित्रमालिका. तिच्या मुळाशी किपलिंगचे १८९४ चे इंग्रजी पुस्तक. ते लिहिले गेले प्रामुख्याने अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये, आणि त्याचे कथास्थळ सिवनीचा डोंगराळ प्रदेश व वैनगंगेचा काठ. हीच वैनगंगा पुढे भंडारा, गोंदिया, गडचिरोली या जिल्ह्यांतून वाहते. तिच्या काठच्या मराठी, गोंडी, झाडीबोली बोलणाऱ्या मुलांना आपल्याच अरण्यातला वाघ इंग्लंड, अमेरिका, जपान आणि मुंबई अशी प्रदक्षिणा घालून हिंदीत भेटला. शेरखानाचा आवाज तर नाना पाटेकर या मराठी नटाचा होता. किपलिंगच्या पुस्तकात बालू मोगलीला अरण्यातील वेगवेगळ्या जमातींच्या बोलींतले परवलीचे शब्द शिकवतो. ज्याच्या राज्यात जायचे त्याच्या भाषेत बोलता आले तरच जीव वाचतो. हिंदी पडद्यावर मात्र सगळे अरण्य एकाच भाषेत बोलते. मूळ पुस्तकही इंग्रजीतच बोलते हे खरे. पण तेथे भाषांच्या अनेकत्वाची आठवण कथेतच पेरलेली आहे.

बांगलादेशाने २०१३ मध्ये ‘डोरेमॉन’चे हिंदी रूप दाखवणाऱ्या वाहिन्यांचे प्रक्षेपण थांबवले, कारण बंगाली मुले जपानी मांजराकडून हिंदी बोलायला शिकत होती. ज्या देशाच्या जन्माशीच भाषेचा प्रश्न जोडलेला आहे, त्याला ही बाब हसण्यावारी नेता आली नाही. महाराष्ट्रातील घरांत तेच घडत असताना तशी अस्वस्थता फारशी दिसली नाही. याला सहिष्णुता म्हणावे की अनास्था, हे ठरवणे अवघड आहे. कल मात्र दुसऱ्या शब्दाकडे जातो. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांत परिस्थिती निराळी होती. तेथे मुलाची रस्त्यावरची भाषा आधीच वेगळी होती. १९९९ नंतर आलेल्या मराठी उपग्रह वाहिन्यांनी घरात आजीखेरीज आणखी कोणीतरी मराठी बोलणारे आणले. परंतु त्या वाहिन्यांचा भर प्रौढांच्या मालिकांवर होता. बृहन्महाराष्ट्रातील मूल मराठी ऐकत होते ते सासू-सुनांच्या तोंडून, आणि त्याचे स्वतःचे नायक हिंदीत बोलत होते. २००८ पासून लोकप्रिय झालेला ‘छोटा भीम’ हैदराबादेत तयार होतो, पण त्याचा ढोलकपूर देशभर पोहोचला तो मुख्यतः हिंदीतून.

येथे मुलांच्या खेळाकडे कान देण्याची गरज आहे. नॉर्वेतील भाषाभ्यासकांनी एक गोष्ट नोंदवलेली आहे. तेथील बोलीभाषक मुले भूमिका घेऊन खेळताना पात्राचे संवाद राजधानीकडच्या प्रमाणवळणाच्या भाषेत म्हणतात. खेळाची आखणी करायची, भांडण मिटवायचे, किंवा कोणाला बाद करायचे असेल तेव्हा आपल्या बोलीवर परततात. मराठी मुलांचा खेळ ऐकणाऱ्याला हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. ‘आता तू कालिया हो, आणि मी तुला पकडायला येतो’ हे मराठीत ठरते. पकडल्यावरची गर्जना हिंदीत होते. आणि ‘असं नाही, तू आधी पळायचंस’ ही दुरुस्ती पुन्हा मराठीत येते. पात्राची भाषा पडद्याकडून आलेली आहे, दिग्दर्शकाची भाषा घरची आहे. मूळ भागात कालिया हरला होता. मुलांच्या भागात तो पुष्कळदा जिंकतो, कारण त्या दिवशी कालिया झालेला मुलगा वयाने मोठा असतो. कथानकातील हा बदल, त्याची भाषा आणि त्यामागची वाटाघाट यांची संहिता अजून कोणी उतरवून घेतलेली नाही. ती उतरवायची तर अभ्यासकाला संचासमोर बसून भागणार नाही. संच बंद झाल्यावर जिन्यात, गच्चीवर आणि शाळेच्या बसमध्ये जो खेळ सुरू होतो, त्याच्या जवळपास कोठेतरी गप्प बसावे लागेल, आणि मुलांनी विचारले तर हुंकार द्यावा लागेल.